गाऱ्हाणे कोणापुढे? मराठीतल्या निराशेची पार्श्वभूमी

तुकोबांचा एक अभंग आहे, आपली कहाणी सांगणारा. तो त्यांनी आपणहून सांगितलेला नाही. संतांनी विचारले म्हणून सांगितला, आणि तसे त्यात म्हटलेही आहे: ‘न ये बोलों परि पाळिलें वचन । केलियाचा प्रश्न तुम्हीं संतीं’. बोलू नये, पण तुम्ही विचारलेत म्हणून बोलतो. मग येते ती ओळ:

दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान ।
स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥

१६३० च्या सुमाराचा तो दख्खनचा भयंकर दुष्काळ. वाण्याचे दुकान, घरची महाजनकी, सगळे धुऊन निघाले. पैसा गेला, पत गेली, बायको भुकेने गेली. एका ओळीत एवढे मावते आणि कुठेही हुंदका नाही. व्यापाऱ्याने खतावणीत नोंद करावी तसे एकापुढे एक येते, आणि मग ‘अन्न अन्न’ ही द्विरुक्ती येते. तो तुकोबांचा शब्द नाही, मरणाऱ्या बाईचा आहे. ही ओळ कितीही वेळा वाचली तरी मी तिथे अडखळतोच.

मराठी साहित्यातल्या निराशेचा मागोवा घ्यायचा तर इथून घ्यावा असे मला वाटते, कारण या निराशेला ऐकणारा आहे. संत ऐकतात, पांडुरंग ऐकतो, निदान त्याने ऐकावे अशी अपेक्षा आहे. तो ऐकत नाही असे वाटले की तुकोबा त्याला तोंडावर सुनावतात: ‘माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल’. देव मेला म्हणणारा माणूस भांडतोय तो त्या देवाशीच. करुणापर अभंग म्हणून जो प्रकार आपण ओळखतो, त्यातली आर्तता या भांडणातून येते. रामदासांची करुणाष्टके घ्या, ‘अनुदिनि अनुतापे तापलो रामराया’. ताप मोठा आहे, पण हाक मारायला ‘रामराया’ आहे. त्याही आधी अर्जुनाने रणांगणावर धनुष्य टाकले तेव्हा त्याचा विषाद ऐकायला सारथी समोर होता.

संस्कृत शास्त्रकारांनी निराशेला स्वतःचे घर दिले नव्हते. भरताच्या नाट्यशास्त्रात विषाद आणि निर्वेद हे तेहेतीस व्यभिचारी भावांत मोडतात. म्हणजे येऊन जाणारे, कोणत्या तरी रसाला पोसणारे, मुक्कामाला न राहणारे. नायकाने रंगमंचावर मरू नये हाही त्याच परंपरेतला संकेत. तो मराठीत मोडला १८६१ साली, विनायक जनार्दन कीर्तने यांच्या ‘थोरले माधवराव पेशवे’ या नाटकाने. मराठीतली पहिली शोकांतिका म्हणून त्याचे नाव घेतात. पुढे शेक्सपिअर आला, आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले, देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला, आणि प्रेक्षकाला घरी जड पावलांनी जायची सवय लागली. १९१९ साली गडकऱ्यांच्या पश्चात ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले. सुधाकराचा नाश होतो तो दारूने, म्हणजे कारण डोळ्यांसमोर आहे, त्याला नावही आहे. प्रेक्षक रडला तरी बावरला नाही.

बावरायला लावणारी निराशा त्याच्या थोडी आधी आली होती, आणि आणली होती ‘आनंदी आनंद गडे’ लिहिणाऱ्या माणसाने.

१९०७ साली जळगावला मराठीतले पहिले कविसंमेलन भरले. तिथे जेमतेम सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या मुलाला ‘बालकवी’ हे नाव मिळाले. फुलराणी, निर्झर, श्रावणातले ऊनपाऊस यांचा कवी म्हणून तो शाळेच्या पुस्तकांतून घरोघर पोचला. याच कवीने लिहिले:

कोठुनि येते मला कळेना
उदासीनता ही हृदयाला
काय बोचते ते समजेना
हृदयाच्या अंतर्हृदयाला

यातला ‘कळेना’ हा शब्द मराठीला नवा होता असे मी म्हणेन. शब्द जुनाच, जागा नवी. तुकोबांना आपले दुःख कशाचे हे नेमके ठाऊक होते. बालकवींचा जीव कशाने उदास आहे हे त्यांनाच कळत नाही, मग ते सांगणार काय आणि कोणाला? ‘पारवा’ ही कविता अशीच. भिंत खचलेली, खांब कलथलेला, धर्मशाळा उद्ध्वस्त आणि तिच्या कौलारात बसून ‘खिन्न नीरस एकांतगीत’ गाणारा पक्षी. धर्मशाळा म्हणजे वाटसरूंच्या मुक्कामाची जागा. तिथे आता कोणी उतरत नाही. गाणे चालू आहे, ऐकणारे उठून गेलेत.

१९१८ च्या मे महिन्यात जळगावजवळ भादलीला रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. वय पुरते अठ्ठावीसही नव्हते. तेव्हापासून त्यांच्या उदास कविता त्या मरणाच्या उजेडात वाचायचा मोह अनेकांना पडत आला आहे. तो टाळावा. एका अपघाताने कवितेचा अर्थ ठरवला की कविता वाचायची राहूनच जाते.

आता सिनेमाकडे वळू, कारण तिथे या भावनेवरून सरळसरळ वाद झाला. शरच्चंद्रांची ‘देवदास’ ही कादंबरी १९१७ साली प्रसिद्ध झाली. १९३५-३६ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्ससाठी प्रमथेश बरुआंनी तिचा चित्रपट केला, बंगालीत आणि हिंदीत. हिंदीत सैगल. प्रेम मिळाले नाही, धाडस झाले नाही, म्हणून पीत पीत प्रेयसीच्या दारात येऊन मरणारा नायक देशभरातल्या तरुणांना भुरळ घालून गेला. पुण्यात प्रभात फिल्म कंपनीत व्ही. शांताराम यांना ही भुरळ घातक वाटली. त्यांनी १९३९ साली दिलेले उत्तर म्हणजे ‘माणूस’, हिंदीत ‘आदमी’.

‘माणूस’चा नायक गणपत हा साधा पोलीस शिपाई आहे, देवदाससारखा जमीनदाराचा मुलगा नव्हे. मैना वेश्यावस्तीतली. तिला तो तिथून बाहेर काढतो, दोघांचा जीव एकमेकांवर जडतो, तो तिला आईसमोर घेऊन जातो. देवघर, जपमाळ, सोवळेपणाचा तो सारा स्वच्छ संसार पाहून मैनाच कचरते. शांता हुबळीकरांचा तिथला चेहरा बघावा. नकार कोणी दिलेला नाही, तरी ती मनातून निघून चाललेली दिसते. पुढे तिच्या हातून खून होतो, ती तुरुंगात जाते आणि गणपतपुढे देवदासची वाट मोकळी असते. तो त्या वाटेने थोडा जातोही. पण मरत नाही. पुन्हा गणवेश चढवतो आणि कामावर जातो.

आजच्या नजरेला हा शेवट उपदेशाचा वाटू शकतो. मला तो तसा वाटत नाही, कारण शांतारामांनी गणपतचे दुःख लहान करून दाखवलेले नाही. मैना सुटत नाही, जग सुधारत नाही. आणि गंमत म्हणजे लोकांच्या ओठी राहिले ते मैनेचे गाणे, ‘कशाला उद्याची बात’. उद्या नसलेल्या बाईने गिऱ्हाइकांना रिझवण्यासाठी म्हटलेले ते गाणे आहे. लग्नाकार्यात ते आनंदाचे म्हणून वाजते तेव्हा मला दर वेळी मैना आठवते.

यानंतर आठ वर्षांनी, १९४७ साली, बा. सी. मर्ढेकरांचा ‘काही कविता’ हा संग्रह आला. महायुद्ध संपलेले, मुंबई माणसांनी फुगलेली. ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’ या कवितेने तेव्हा जो गदारोळ उठला त्याची आज कल्पना येणे कठीण आहे. दुर्बोध म्हणून हेटाळणी झाली, संग्रहावर अश्लीलतेचा खटलाही झाला. त्यातून मर्ढेकर निर्दोष सुटले.

ही कविता मोठ्याने वाचून पाहावी. ‘माना पडल्या, मुरगळल्याविण’. मान पडायची तर कोणी तरी ती मुरगळलेली हवी. इथे मुरगळणारा हातच नाही. दुष्काळ नाही, दारू नाही, निष्ठुर बाप नाही. मारेकऱ्यावाचून मरण आले आहे. पुढे येते ती ओळ: ‘जगायची पण सक्ती आहे, मरायची पण सक्ती आहे’. ‘सक्ती’ हा शब्द हृदयाचा नाही, सरकारी हुकुमाचा आहे. आणि मग:

उदासतेला जहरी डोळे,
काचेचे पण

बालकवींची उदासीनता हृदयाच्या आत बोचत होती. मर्ढेकरांच्या उदासतेला डोळे आहेत आणि ते काचेचे आहेत. ओठांवरचे मधाचे पोळे ‘बेकलायटी’ आहे. बेकलाइट म्हणजे त्या काळी टेलिफोन, विजेची बटणे, रेडिओची खोकी ज्याची बनत ते गुळगुळीत, काळपट, कडक द्रव्य. मर्ढेकर नोकरीने आकाशवाणीचे. हे द्रव्य रोज त्यांच्या बोटांखाली असणार. मराठी कवितेत तोवर ओठांना पोवळ्याची उपमा मिळायची. त्या जागी कारखान्यातला पदार्थ आला आणि निराशेला प्रथमच स्पर्श मिळाला, थंडगार.

तरीही मर्ढेकरांनी हाक मारायचे सोडले नव्हते. त्यांच्या कितीतरी कविता ओवी-अभंगाच्या चालीत आहेत, आणि ‘भंगु दे काठिन्य माझे, आम्ल जाऊ दे मनीचे’ असे मागणाराही हाच कवी. कोणाकडे मागतो आहे, त्याचे नाव मात्र तो घेत नाही. तुकोबांची चाल शिल्लक आहे, पत्ता पुसला गेला आहे. मर्ढेकरांना नुसते ‘निराशावादी’ म्हणून मोकळे होणाऱ्यांनी ही प्रार्थना वाचलेली नसावी.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत समीक्षेत ‘वैफल्य’ हा शब्द इतका चालला की तो झिजून गेला. जो तो कवी वैफल्यग्रस्त. त्या शब्दाखाली बरेच उसने सामान खपले, हे कबूल केले पाहिजे. फ्रेंच लेखक सार्त्र-कामू वाचून आलेली उदासी आणि स्वतःच्या घरातून आलेली उदासी यांत फरक असतो, आणि तो भाषेत लगेच दिसतो.

तो दिसला १९६३ साली, दोन पुस्तकांत. एक ‘कोसला’. ‘मी पांडुरंग सांगवीकर. आज उदाहरणार्थ पंचवीस वर्षांचा आहे.’ भालचंद्र नेमाड्यांचा हा खानदेशातला मुलगा पुण्यात शिकायला येतो, पैसे उडवतो, परीक्षेत आपटतो, गावी परततो. सांगताना सारखे ‘वगैरे’, ‘उदाहरणार्थ’. जे बोलावे ते कमी महत्त्वाचे करून बोलायचे, ही त्याची ढाल. धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते तिथे ती ढाल टिकत नाही. थट्टेखाली इतकी पाने काय दडवून ठेवले होते ते त्या पानांवर कळते, आणि मग मागची सगळी थट्टा वेगळी ऐकू येऊ लागते. नायकाचे नाव पांडुरंग. ज्याच्यापुढे गाऱ्हाणे घालायचे त्याचे नाव आता गाऱ्हाणे असलेल्याकडे आले आहे. अर्पणपत्रिका आहे ‘शंभरांतील नव्याण्णवांस’. संत विचारायला उरले नाहीत, तेव्हा पांडुरंगाने आपल्यासारख्याच बाकीच्यांना सांगून टाकले.

दुसरे पुस्तक दलित लेखक बाबुराव बागुलांचा कथासंग्रह, ‘जेव्हा मी जात चोरली होती’. तिथे अंधार सांगवीकराच्या अंधाराहून दाट आहे, पण ‘कळेना’ अजिबात नाही. कोणी मारले, कशासाठी मारले, हे सगळे ठाऊक आहे. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला आणि त्याच वर्षी दलित पँथर ही दलित तरुणांची संघटनाही उभी राहिली. मर्ढेकरांच्या कवितेत न दिसणारा हात इथे दिसला, त्याला शिवी मिळाली. या साहित्याला निराशेच्या यादीत घालताना माझा हात थांबतो, पण ते वगळून इतिहास सांगताही येत नाही. मधल्या काळात, १९७० साली, शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ आले. त्यातले म्हातारे नट आप्पासाहेब बेलवलकर घर मागतात ते देवाकडे नाही, पोटच्या पोरांकडेही नाही, रस्त्यावरच्या ‘कुणी’कडे.

शेतीतली निराशा साहित्यात पुन्हा ठळक झाली ती सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’पासून, २००२ साली. कर्ज, कोरडे रान, शिकून घरी बसलेला मुलगा. तुकोबांच्या ओळीतले ‘आटिलें द्रव्यें नेला मान’ जवळजवळ चार शतकांनी तसेच समोर उभे राहिले. २००९ मधला सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ हा चित्रपट मला या साऱ्यात सगळ्यात जवळचा वाटतो. विदर्भातले गाव. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिला आहे. आपला नवरा किसना त्याच वाटेने जाईल या धास्तीने अलका पोराला त्याच्या मागे पाठवते. तो शेतात गेला की पोरगा मागे, बांधावर बसला की पोरगा तिथेच. ती त्याला विचारू शकत नाही आणि तो सांगत नाही. त्या घरात निराशेबद्दल कोणी एक शब्द उच्चारत नाही, तिच्यावर नजर मात्र सगळे ठेवून आहेत.

चित्रपटाच्या नावातला ‘गाभ्रीचा’ ही वऱ्हाडातली शिवी आहे, आणि ती आभाळाकडे बघून दिलेली आहे.