तिरफळ (पाककलेतील वापर)

कोकण, गोवा आणि कारवारकडच्या स्वयंपाकातला एक मसाला. लिंबाच्या कुळातल्या झँथोझायलम रेट्सा या काटेरी खोडाच्या झाडाची ही फळे. चीनमधली सेचुआन मिरी, जपानी सान्शो आणि नेपाळी टिमूर हे याचेच भाऊबंद. पावसाळा सरत आला की हिरवे घोस उतरवून वाळवतात. वाळताना फळ उकलते आणि आत काळी चकचकीत बी दिसते. कामाचे असते ते टरफल. बी कडवट असते आणि कुटली तर दाताखाली कचकचते, म्हणून आधी निवडून टाकावी. त्रिफळा चूर्णाशी याचा काहीही संबंध नाही.

तिरफळाने जिभेला येतात त्या मुंग्या. ही चव नव्हे, स्पर्शाची जाणीव आहे. टरफलातले सान्शूल हे द्रव्य स्पर्श ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चाळवते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी 2013 मध्ये सेचुआन मिरीने ओठांना होणारी ही थरथर सेकंदाला सुमारे 50 कंपनांइतकी असल्याचे दाखवले. सान्शूल पाण्यात फारसे उतरत नाही, स्निग्ध पदार्थात उतरते, आणि उष्णतेने व आंबटपणाने हळूहळू नष्ट होते. तिरफळ कसे वापरायचे, हे बहुतेक यावरूनच ठरते.

पारंपरिक पद्धतीत अर्धा किलो बांगड्यांच्या आमटीला 8 ते 10 फळे पुरतात. टरफले खलबत्त्यात फक्त चेचायची, दोन चमचे पाण्यात भिजवायची आणि आमटीला उकळी आल्यावर पाण्यासकट घालायची. त्यानंतर 4-5 मिनिटे मंद आच, की झाले. नारळाच्या वाटणातले तेल सान्शूल धरून ठेवते. आले, लसूण, गरम मसाला शक्यतो घालू नये, तिरफळाचा लिंबासारखा वास त्यांच्याखाली दबतो. श्रावणात मासे बंद असतात, तेव्हा मक्याच्या कणसांच्या रसातही ते पडते.

नवे प्रयोग करायचे तर सुरुवात मिठापासून करणे सोपे. एक चमचा टरफले मंद आचेवर वास सुटेपर्यंत, मिनिटभर, कोरडी परतावीत. निवल्यावर दोन चमचे मिठाबरोबर कुटून चाळून घ्यावीत. हे मीठ पेरू, अननस, काकडी यांवर चांगले लागते. केळ्यावर मात्र नाही. टरफले काळपट झाली तर सगळे फेकून द्यावे, कडूपणा मिठाने झाकत नाही.

दुसरा प्रयोग तेलाचा. अर्धी वाटी शेंगदाण्याचे तेल गरम करून गॅस बंद करावा. एक टरफल टाकून पाहावे: ते मंद बुडबुडे सोडत राहिले आणि काळे पडले नाही, तर तेल योग्य तापमानाला आले आहे. मग दीड चमचा चेचलेली टरफले घालून अर्ध्या तासाने गाळावे. डाळभात, उकडलेला बटाटा किंवा दही-काकडीवर वरून थेंबभर पुरे. फोडणीसाठी हे तेल वापरले तर मेहनत वाया जाते.

गोडात नारळाचे दूध आणि गूळ हा सर्वांत भरवशाचा आधार. अर्धा लिटर दुधात चार टरफले दहा मिनिटे कोमट भिजवून काढून घ्यावीत. वेलदोडा घातला तर दोन्ही वास एकमेकांना मारतात.

प्रयोग फसतो तो बहुधा मिठामुळे. तिरफळ घातल्यावर दोन-तीनदा चव पाहिली की जीभ बधिर होते, आणि कमी वाटते म्हणून मीठ वाढत जाते. म्हणून मीठ-तिखट आधीच नेमके करून मगच तिरफळ घालावे. लिंबाच्या लोणच्यातही निराशा होते: टिकतो तो मागे राहिलेला कडवटपणा, मुंग्या राहत नाहीत.

परदेशात तिरफळ मिळत नसेल तर चिनी दुकानातली सेचुआन मिरी चालते. मात्र फळे मोजून नव्हे, टरफले वजन करून घ्यावीत. ती बरीच लहान असतात, आणि आमटीला कोकणी लाकडी वास त्यांच्याने येत नाही.