समुद्राकाठी कोरडे: नामिबचा किनारा ओसाड का आहे

काही दिवसांपूर्वी मोबाइलवर एक व्हिडिओ आला. वाळूत अर्धवट गाडली गेलेली जहाजे, व्हेलच्या बरगड्या, सभोवती धुके, आणि निवेदकाचा दावा असा की आफ्रिकेतला हा किनारा शापित आहे; समोर अथांग समुद्र असूनही येथे पाऊस पडत नाही आणि याचे कारण शास्त्रज्ञांनाही सापडलेले नाही. व्हिडिओ नामिबियाच्या किनाऱ्याचा होता, जेथे नामिब वाळवंट समुद्राला भिडते आणि ज्याच्या उत्तर भागाला स्केलेटन कोस्ट, म्हणजे सांगाड्यांचा किनारा, असे नाव पडले आहे. तेथे पाऊस का पडत नाही हे चांगले ठाऊक आहे, आणि त्यातला सर्वांत सुंदर दुवा तर शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. तो दुवा नीट उलगडून सांगावा, एवढ्यासाठी हा लेख.

आपल्याकडे समुद्र म्हणजे पाऊस हे समीकरण इतके पक्के आहे की समुद्राकाठी वाळवंट असू शकते हे मनाला पटत नाही. नकाशा उघडून पाहावा. स्केलेटन कोस्ट राष्ट्रीय उद्यान 1971 साली घोषित झाले. ते उत्तरेला कुनेने नदीच्या मुखापासून दक्षिणेला उगाब नदीपर्यंत सुमारे 500 किलोमीटर पसरले आहे. कुनेनेचे मुख साधारण 17 अंश दक्षिण अक्षांशावर आहे आणि उगाबचे 21 अंशांवर. विषुववृत्ताच्या आपल्या बाजूला हेच आकडे घेतले तर गणपतीपुळ्यापासून सुरतेपर्यंतचा किनारा होतो. म्हणजे सूर्याची तिरीप दोन्हीकडे सारखी, दोन्हीकडे समुद्र पश्चिमेला, आणि दोन्हीकडे किनाऱ्यापासून आत गेले की जमीन चढत जाते. मुंबईत मात्र वर्षाला 2,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर उगाबच्या थोडे दक्षिणेला असलेल्या स्वाकोपमुंड शहरात जेमतेम 15 ते 20 मिलिमीटर.

माणसांचा हिशेबही तसाच आहे. नामिबियाचे क्षेत्रफळ सव्वाआठ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीच पटींहून जास्त. 2023 च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे 30 लाख भरली, म्हणजे चौरस किलोमीटरला चार माणसेही नाहीत. 2011 च्या जनगणनेत एकट्या मुंबई उपनगर जिल्ह्यात ही घनता 20,000 च्या वर होती. नामिबियाचा सुमारे 1,570 किलोमीटरचा किनारा तर देशाच्या मानानेही रिकामा आहे, कारण तेथील जवळपास सगळी वस्ती वॉल्विस बे, स्वाकोपमुंड, हेंटीस बे, ल्युडेरित्झ आणि ओरान्येमुंड अशा मोजक्या ठिकाणी एकवटली आहे. यातील सर्वांत मोठे वॉल्विस बे एका लाखाच्या आसपास आहे. उरलेल्या शेकडो किलोमीटरवर एखादी वनखात्याची चौकी, मासे पकडायला येणाऱ्यांसाठी एखादा तळ, आणि बाकी वाळू, खडे आणि सील.

आता त्या दुव्याकडे येतो. नॉर्वेचा संशोधक फ्रिट्यॉफ नानसेन याने 1893 ते 1896 या काळात ‘फ्राम’ हे जहाज आर्क्टिकच्या बर्फात मुद्दाम गोठू दिले आणि बर्फ नेईल तिकडे ते वाहू दिले. या प्रवासात त्याच्या लक्षात आले की बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरकत नाही, तर वाऱ्याच्या दिशेपासून वीस ते चाळीस अंश उजवीकडे सरकतो. याचे गणित व्हाग्न वालफ्रीड एकमन या स्वीडिश तरुणाने मांडले आणि 1905 साली त्याचा प्रसिद्ध लेख छापून आला. मला हा सिद्धांत भूशास्त्रातील सर्वांत देखण्या सिद्धांतांपैकी एक वाटतो, कारण त्याची सामग्री अगदी थोडी आहे: वारा, पाण्यातील घर्षण आणि पृथ्वीचे फिरणे.

समुद्राचे पाणी पत्त्यांच्या जोडासारखे एकावर एक पातळ थरांचे आहे असे समजू. वारा फक्त सर्वांत वरच्या पत्त्याला ढकलतो. तो पत्ता हलू लागताच पृथ्वीच्या परिवलनामुळे त्याची वाट वाकते. उत्तर गोलार्धात उजवीकडे आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे. शाळेत कोरिऑलिस बल म्हणून शिकवतात ते हेच. वरचा पत्ता घर्षणाने खालच्या पत्त्याला ओढतो, पण तो स्वतःच वाकून चाललेला असल्यामुळे खालचा आणखी थोडा वाकतो आणि थोडा मंदही होतो. त्याच्या खालचा त्याहून वाकडा आणि त्याहून मंद. असे करत काही दशक मीटर खोलीपर्यंत गोल जिन्यासारखी रचना तयार होते. या सगळ्या पायऱ्यांवरचे पाणी एकत्र धरून बेरीज केली तर उत्तर विलक्षण येते: एकूण पाणी वाऱ्याच्या दिशेने जातच नाही, ते वाऱ्याशी बरोबर काटकोन करून जाते.

दक्षिण अटलांटिकवर वर्षभर जास्त दाबाचा एक पट्टा ठाण मांडून असतो. त्याच्यामुळे नामिबियाच्या किनाऱ्याला समांतर, दक्षिणेकडून उत्तरेकडे, वारा चिकाटीने वाहतो. उत्तरेकडे तोंड करून उभे राहिले तर डावा हात पश्चिमेला येतो. म्हणजे हा वारा किनाऱ्यालगतचे वरचे पाणी खुल्या समुद्राकडे लोटतो. त्या पाण्याची जागा भरायला बाजूने पाणी येऊ शकत नाही, कारण एका बाजूला आफ्रिका खंड आहे. त्यामुळे ते खालून येते, शे-दोनशे मीटर खोलीवरच्या अंधारातून, थंडगार. या क्रियेला अपवेलिंग म्हणतात.

किती पाणी वर येते याचा अंदाज कागदावर काढता येतो. ताशी तीसएक किलोमीटरचा वारा समुद्राच्या दर चौरस मीटरवर सुमारे 0.1 न्यूटन इतके बल लावतो. या आकड्याला पाण्याच्या घनतेने (घनमीटरला 1,025 किलोग्रॅम) आणि त्या अक्षांशावरील कोरिऑलिस गुणांकाने भागायचे. हा गुणांक पृथ्वीच्या कोनीय वेगाची दुप्पट गुणिले अक्षांशाचे साइन असा काढतात आणि वॉल्विस बेच्या 23 अंशांवर तो सेकंदाला 0.000057 इतका येतो. भागाकार होतो 1.7. याचा अर्थ, किनाऱ्याच्या प्रत्येक मीटर लांबीमागे दर सेकंदाला 1.7 घनमीटर पाणी समुद्राकडे ढकलले जाते. एका किलोमीटर किनाऱ्यामागे सेकंदाला 1,700 घनमीटर होतात, म्हणजे दहा हजार लिटरचे 170 टँकर दर सेकंदाला. तितकेच पाणी खालून वर यावे लागते. ते साधारण वीस किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात वर येते असे धरले तर वर चढण्याचा वेग दिवसाला सातएक मीटर निघतो, दोन मजली घराच्या उंचीएवढा. इतक्या संथपणे चढणारे हे पाणी एका संपूर्ण किनाऱ्याचे हवामान ठरवते.

ल्युडेरित्झजवळ ही क्रिया सर्वांत जोरदार असते आणि तेथे समुद्राचे तापमान 12 ते 15 अंशांच्या आसपास राहते. मुंबईजवळचा समुद्र उन्हाळ्यात 30 अंशांपर्यंत तापतो. थंड समुद्रावरची हवा खालून थंड होते. त्याच वेळी वर, जास्त दाबाच्या पट्ट्यात, हवा सावकाश खाली उतरत असते, आणि उतरणारी हवा दाबली जाऊन गरम व कोरडी होते. परिणामी खाली थंड, दमट हवा आणि काहीशे मीटरवर तिच्यापेक्षा गरम हवेचे झाकण, अशी उलटी मांडणी तयार होते. पाठ्यपुस्तकात तिला तापमानाची विपरीतता म्हटलेले असते. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे पर्वतीवर चढून शहराकडे पाहावे: शेकोट्यांचा आणि वाहनांचा धूर थोडा वर जातो आणि मग अदृश्य छताला टेकल्यासारखा आडवा पसरतो. तेच छत नामिबच्या किनाऱ्यावर वर्षातला बहुतेक काळ असते.

पाऊस पडायचा तर दमट हवेला उंच चढावे लागते. कोकणात मान्सूनचे वारे उबदार समुद्रावरून बाष्प घेऊन येतात आणि सह्याद्री त्यांना वर चढवतो. नामिबवर हवेत आर्द्रता भरपूर असते, किनाऱ्यावर कपडे धड वाळत नाहीत इतकी, पण ती हवा झाकणाखाली अडकलेली असते. तिचे धुके होते, पाऊस होत नाही. धुक्याच्या कणाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढा; एक मिलिमीटरचा एक पावसाचा थेंब व्हायला असे दहा लाख कण एकत्र यावे लागतात. तेवढी उंची, तेवढा वेळ आणि तेवढी उलथापालथ त्या पातळ थरात मिळत नाही. पूर्वेकडून, हिंदी महासागरावरून येणारे बाष्प खंड ओलांडता ओलांडता आतल्या पठारावरच बरेचसे संपलेले असते.

जहाजांचे सांगाडेही याच धुक्यातून आले. 1909 च्या सप्टेंबरमध्ये ‘एडुआर्ड बोलेन’ हे जर्मन जहाज वॉल्विस बेच्या दक्षिणेला दाट धुक्यात किनाऱ्याला लागले. वाळू साचून किनारा पुढे सरकल्यामुळे ते आज पाण्यापासून काहीशे मीटर आत, कोरड्या वाळूत उभे आहे. 1942 च्या नोव्हेंबरमध्ये ‘डनेडिन स्टार’ कुनेनेच्या दक्षिणेला अडकले. प्रवासी आणि खलाशी मिळून शंभराहून अधिक माणसे होती. बचावासाठी निघालेली एक टग बोट स्वतः फुटली आणि तिच्यावरील दोघे मरण पावले. मदत घेऊन उतरलेले विमान वाळूत रुतले. बुडालेले जहाज सोडून किनाऱ्यावर पोहोचणे पुरेसे नव्हते, कारण किनाऱ्यावर प्यायला पाणी नव्हते. या साऱ्यात शापाला कोठे जागा आहे? ज्या दोघांनी दुसऱ्यांना वाचवताना जीव गमावला त्यांच्या गोष्टीला भुताखेतांचे पार्श्वसंगीत लावणे मला क्लेशदायक वाटते.

2008 साली ओरान्येमुंडजवळ हिऱ्यांच्या खाणकामात एक पोर्तुगीज जहाज सापडले. ते 1533 साली लिस्बनहून भारताकडे निघालेले ‘बॉम जेझुस’ असावे असे मानले जाते. त्यात सुमारे 2,000 सोन्याची नाणी, तांब्याच्या लाद्या आणि हस्तिदंत होते. तांबे हा तेव्हा भारताच्या बाजारात खपणारा माल. गोवा त्या काळी पोर्तुगिजांच्या पूर्वेकडील सत्तेचे मुख्य ठाणे होते, तेव्हा हा माल पोहोचला असता तर मिरी घेण्यासाठी आपल्याच किनाऱ्यावर खर्च झाला असता.

तळातून वर येणारे पाणी जमिनीला कोरडे ठेवते, पण समुद्राला खाऊ घालते. त्यात नायट्रेट आणि फॉस्फेट असतात, त्यावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, वाढते, प्लवकावर मासे, माशांवर सील; केप क्रॉस येथे सीलची प्रचंड वसाहत आहे. प्लवक मरून तळाला इतके साचते की चिखलात ऑक्सिजन उरत नाही आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो अधूनमधून वर उसळला की वॉल्विस बेमध्ये सडक्या अंड्यांचा वास पसरतो. याच चिखलात 1997 साली साध्या डोळ्यांना दिसणारा जिवाणू सापडला, थायोमार्गारिटा नामिबिएन्सिस, ज्याची पेशी पाऊण मिलिमीटरपर्यंत वाढते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही, केरळ ते गोवा या पट्ट्यात, पावसाळ्यात सौम्य अपवेलिंग होते, आणि त्या पाण्यावर तारलीचे थवे पोसले जातात.

धुक्यावर जगणाऱ्यांत ओनिमाक्रिस उंग्विक्युलॅरिस हा काळा भुंगेरा मला सर्वांत प्रिय आहे. धुके आले की तो पहाटेच्या गारठ्यात टेकडीच्या माथ्यावर चढतो, वाऱ्याकडे तोंड करून डोके खाली, मागचा भाग वर, असा स्थिर उभा राहतो. पाठीवर धुक्याचे कण चिकटतात, थेंब होतो, आणि तो घरंगळत तोंडाशी येतो. 1976 साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत एका धुक्यात या भुंगेऱ्यांचे वजन सरासरी 12 टक्क्यांनी वाढलेले आढळले. या भुंगेऱ्याचे चित्र दाखवून ‘हवेतून आपोआप भरणाऱ्या बाटल्या’ विकण्याची टूम मधूनमधून येते, आणि तेथे वाचकाने सावध राहावे. धुक्यात पाणी आधीच द्रवरूप असते, ते फक्त अडवायचे असते. साध्या दमट हवेत ते वाफ असते, आणि वाफेचे एक लिटर पाणी करायला सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता बाहेर काढावी लागते. ती वीज खर्चल्याशिवाय सहसा निघत नाही.

माणसे धुक्यावर जगू शकत नाहीत. ती नद्यांवर जगतात, ज्या नद्यांना वर्षातले बहुतेक दिवस पाणीच नसते. मराठीत वाळवंट म्हणजे नदीचे वाळूचे पात्रही, जसे चंद्रभागेचे. कुइसेब नदी या दोन्ही अर्थांनी वाळवंट आहे. आतल्या पठारावर चांगला पाऊस झाला तर तिला काही दिवस पूर येतो, आणि तोही समुद्रापर्यंत क्वचितच पोहोचतो. तरीही पात्राच्या दक्षिणेला वाळूच्या प्रचंड टेकड्या आहेत आणि उत्तरेला सपाट खडकाळ मैदान, कारण वाऱ्याने पात्रात आणलेली वाळू पूर धुऊन नेतो. पात्राखाली वाळूत पाणी मुरून राहते. त्याच्या आधारावर टोपनार लोक पिढ्यान्‌पिढ्या काठाला राहत आले. नारा नावाच्या काटेरी झुडपाची फळे गोळा करायची आणि शेळ्या पाळायच्या, असे त्यांचे जीवन. वॉल्विस बेच्या नळाला येणारे पाणीही याच वाळूतून उपसलेले असते. स्वाकोपमुंडच्या उत्तरेला समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प 2010 साली उभा राहिला तो युरेनियमच्या खाणीसाठी.

हा रिकामेपणा सगळाच निसर्गाचा नाही. 1908 साली ल्युडेरित्झजवळ रेल्वेवर काम करणाऱ्या झकारियास लेवाला या मजुराला हिरा सापडला आणि जर्मन वसाहत सरकारने किनाऱ्यापासून 100 किलोमीटर आतपर्यंतचा, ऑरेंज नदीपासून उत्तरेला पसरलेला प्रदेश सर्वांना बंद केला. ‘श्पेरगेबीट’, म्हणजे निषिद्ध क्षेत्र, हे त्याचे नाव; सुमारे 26,000 चौरस किलोमीटर जमीन शतकभर कुंपणाआड राहिली आणि 2008 साली राष्ट्रीय उद्यान झाली. त्याच्या आधी, 1904 ते 1908 या काळात, जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला, आणि पकडलेल्यांची एक छावणी ल्युडेरित्झच्या बंदरात, शार्क आयलंडवर होती. त्याच थंड वाऱ्यात आणि धुक्यात, पुरेशा अन्नवस्त्राविना, तेथे हजारो माणसे मेली. जर्मनीने हा नरसंहार होता असे 2021 साली अधिकृतपणे मान्य केले.