ऑनलाइन दुकानातली क्विझ मुळात आली कुठून

नाशिकमधे आता कॉलेज रोडच्या बुटीकपासून येवल्याच्या पैठणीवाल्यांपर्यंत बरेच जण स्वतःची वेबसाईट चालवतात, आणि त्यातलं कुणी ना कुणी विचारतंच की ते चार-पाच प्रश्न विचारून माल सुचवणारी क्विझ आपल्याकडे बसवता येईल का. येते की, ॲप टाकलं की लगेच दिसायलाही लागते. पण ही पद्धत कुठून आली आणि आत काय चालतं हे कळलं तर प्रश्न नीट लिहिता येतात, म्हणून हे सगळं सविस्तर.

येवल्यात पैठणी घ्यायला गेलं की दुकानदार आधी बसवतो आणि विचारतो, कुणासाठी पाहिजे, लग्नाची का सणाची, बजेट काय, हातमागाचीच हवी का सेमी चालेल, आणि मग एवढ्या ढिगातून मोजक्याच साड्या पुढ्यात टाकतो. क्विझ हेच करते. आणि हे मशीनकडून करून घ्यायचा प्रयत्न इंटरनेटच्या कितीतरी आधीचा आहे. अमेरिकेत १९६८ मध्ये क्लिनिक (Clinique) हा सौंदर्यप्रसाधनांचा ब्रँड सुरू झाला तेव्हा काउंटरवर ‘कॉम्प्युटर’ नावाचं एक साधं यंत्र असायचं, त्वचेबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, पट्ट्या सरकवायच्या आणि चारपैकी आपला त्वचेचा प्रकार कुठला ते कळायचं, मग त्याप्रमाणे साबण-क्रीम. चिप वगैरे काही नाही पण विचार पूर्ण तोच.

खऱ्या कॉम्प्युटरवर हे आणलं एलेन रिच या संशोधिकेने. त्यांचा ‘ग्रंडी’ नावाचा प्रोग्रॅम १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. तो लायब्ररीतल्या माणसासारखा वागायचा, तुम्ही स्वतःचं वर्णन थोड्या शब्दात करायचं, तो तुम्हाला एखाद्या साच्यात बसवणार आणि कादंबरी सुचवणार, नाही आवडली तर का नाही ते विचारून तुमच्याबद्दलचा अंदाज बदलणार. मला यातला शेवटचा भाग सगळ्यात भारी वाटतो, कारण आजच्याही बऱ्याच क्विझ एकदा निकाल दाखवला की गप्प होतात, पुढे विचारतच नाहीत.

मग मधे वारं फिरलं. १९९२ मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात टॅपेस्ट्री झालं, १९९४ मध्ये ग्रुपलेन्स, दोन्ही इतर वाचकांच्या मतांवरून तुमच्या कामाचे संदेश निवडून देणारे प्रोग्रॅम, आणि १९९८ पासून ॲमेझॉनने ‘हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं’ हा प्रकार घराघरात नेला. ॲमेझॉनच्या पद्धतीत गिऱ्हाइकाला काही विचारायचंच नाही, तो काय बघतो, काय घेतो यावरून अंदाज बांधायचा. लाखो ऑर्डर असतील तर हे मस्त चालतं. पण ज्याच्याकडे महिन्याला पन्नास ऑर्डर येतात आणि प्रत्येक साडी एकच पीस आहे, त्याच्याकडे ‘हे घेणारे’ आणणार कुठून? नवीन गिऱ्हाइक, नवीन माल, दोघांचीही मागची नोंद नाही, याला कोल्ड स्टार्ट म्हणतात आणि छोट्या दुकानाला तो कायमचाच असतो. माझ्या मते म्हणूनच नाशिकसारख्या ठिकाणच्या दुकानांना क्विझ जास्त लागू पडते.

विचारणारी शाखा तेव्हाही पूर्ण सुकली नव्हती. १९९६ मध्ये शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन होतं, तिथे येणाऱ्यांसाठी ‘आँत्रे’ नावाची जेवायचं हॉटेल सुचवणारी वेबसाईट केली होती, एक हॉटेल दाखवायचं आणि खाली बटणं, यापेक्षा स्वस्त, यापेक्षा शांत. निकालाच्या पानावर आजही हे टाकण्यासारखं आहे, ‘थोडं कमी बजेटमधे’ एवढं एक बटण दिलं तरी. पुढे २०११ मध्ये स्टिच फिक्स ही ऑनलाइन कपड्यांची अमेरिकन कंपनी आली, त्यांनी कपडे पाठवण्याआधी मोठी प्रश्नावली भरून घेतली आणि उत्तरांवर अल्गोरिदम आणि माणूस दोघांना बसवलं.

नंतर लपून बघणंच अवघड व्हायला लागलं. युरोपचा जीडीपीआर हा डेटा संरक्षणाचा कायदा मे २०१८ मध्ये लागू झाला, एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयफोनवर ट्रॅकिंगआधी परवानगी सक्तीची केली, आपल्याकडे २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा झाला. मग सगळ्यांना आठवलं की अरे, गिऱ्हाइकाला सरळ विचारता येतं. क्विझ ॲपची लाट त्यातूनच वाढली.

आतलं काम तसं सोपं आहे. प्रत्येक उत्तराला टॅग, म्हणजे छोटी लेबलं, जोडायचे, प्रत्येक मालालाही टॅग, जुळले की गुण, जास्त गुणवाला वर. फक्त काही उत्तरं गुण द्यायची नसतात, थेट गाळायची असतात. बजेट दहा हजार सांगितलंय त्याला चाळीस हजाराची साडी रंग जुळला म्हणून वर दिसली तर तो निघून जाणार. हातमाग का सेमी हेही गाळण्याचंच, आवडता रंग मात्र गुणांचा, कारण मोरपिशी मागणाऱ्याला रामा हिरवा आवडू शकतो. आणि ज्या प्रश्नाच्या उत्तराने यादीत काहीच बदलत नाही तो प्रश्न काढून टाका, कितीही छान वाटला तरी. सगळं गाळून काहीच उरलं नाही तर रिकामं पान दाखवू नका, लग्नाची का सणाची यासारखी अट सैल करा, बजेटची नको. मोबाईल नंबर निकालाच्या आधी सक्तीने मागू नका असंही मी प्रत्येकाला सांगतो, घ्यायचाच तर कशाला घेतोय ते तिथेच लिहा.

आता प्रश्नांच्या जागी चॅटबॉट यायला लागलेत, ‘बहिणीच्या हळदीला नेसायला काहीतरी हलकं दाखवा’ असं आपल्या शब्दात लिहायचं, म्हणजे ग्रंडीच्या सुरुवातीला परत आलो. पण बॉटसुद्धा तुमच्या मालाच्या नोंदीतूनच उत्तर काढणार, आणि त्या नोंदीत साडी हातमागाची आहे का यंत्रमागाची, काठ नारळी आहे का मुनिया हे भरलेलंच नसेल तर तो सुचवणार काय. म्हणून क्विझ असो वा बॉट, पहिला आठवडा टॅग भरण्यात घालवा, ॲप नंतर निवडा.