कुरळे केस म्हणजे सेट केलेले केस नव्हेत

कॉलेजांची गॅदरिंगं सुरू झाली की 'रेट्रो डे'चे फोटो यायला लागतात. साडी बरोबर असते, कानातले आजीच्या डब्यातले असतात, काजळाची शेपटीही नीट ओढलेली असते. आणि खांद्यावर कर्लरने केलेल्या सुट्या सुट्या सुरळ्या. खाली लिहिलेलं असतं, 'पन्नासच्या दशकातला लुक'. त्या काळातल्या नायिकांचे चार फोटो काढून शेजारी ठेवा. बहुतेकींच्या कपाळावरून, कानावरून एक सलग लाट जाताना दिसेल. एक बट कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली ते सांगता येणार नाही. सुरळी ती सुरळी आणि लाट ती लाट. एवढं सांगून थांबले असते, पण 'अगं, मी पण सेटच केलेत की' हे इतक्यांदा ऐकलंय की आता सविस्तर लिहिते.

कर्लर सगळ्यांना येतो, त्यावर वेळ घालवत नाही. बट घ्या, नळीला गुंडाळा, काही सेकंद धरा, सोडा. नळीवरून जी सुरळी सुटते तीच तुमची केशरचना. फार तर बोटांनी जरा मोकळी करायची. ब्रश लावला तर मोडेल, म्हणून कुणी लावत नाही.

सेटमध्ये नेमकं उलटं असतं. तिथे बटा रोलरवर गुंडाळतात किंवा वेटोळी करून पिनांनी डोक्याला टाचून ठेवतात, आणि ही वळवलेली बट हा कच्चा माल. रोलर किंवा पिना काढल्यावर डोक्यावर जे दिसतं ते कुणाला दाखवायचं नसतं. त्यानंतर ब्रश हातात घ्यायचा आणि ती सगळी वळणं चक्क विंचरून काढायची. जुन्या फोटोतली लाट या विंचरण्यातून येते. मुली घसरतात त्या इथेच. रात्रभर पिना लावून झोपतात, सकाळी काढतात, आरशात छान गोल गोल वळणं दिसतात आणि ती मोडायची हिंमतच होत नाही. मग तशाच स्प्रे मारून निघतात. रात्रभर टोचून घेतलं आणि हाती आल्या कर्लरच्याच सुरळ्या!

विंचरायचं कसं, ते नीट वाचा. केस पूर्ण वाळलेले हवेत. दाट, मऊ केसांचा ब्रश घ्या. डुकराच्या केसांचा मिळाला तर उत्तम, नाही तर उशीवाला नायलॉनचा चालतो. मोठ्या दातांचा कंगवा नको, तो बटा वेगळ्याच ठेवतो आणि आपल्याला त्या एकजीव करायच्या आहेत. शेंड्यांपासून सुरुवात करून हळूहळू मुळांपर्यंत या, मग मुळांपासून शेंड्यांपर्यंत लांब हात फिरवा. दोन-तीन मिनिटांत डोकं पिंजलेल्या कापसासारखं फुलेल. घाबरून इथे थांबणाऱ्या सगळ्यांत जास्त. 'सगळं बिघडलं' म्हणत केस पाण्याखाली धरतात. बिघडलेलं काही नसतं, मधला टप्पा असतो तो. तळहातावर खोबरेल तेलाचा एक थेंब घ्या, खरंच एकच, दोन्ही हातांवर चोळून वरच्या थरावरून फिरवा आणि ब्रश चालूच ठेवा. दुसरा हात ब्रशच्या मागे मागे केस दाबत न्या. थोड्या वेळाने फुललेले केस एकमेकांत बसतात आणि ठरावीक ठिकाणी आपोआप वळायला लागतात. जिथे केस आत वळतात तिथे बोटांच्या कडेने हलकेच वर ढकला, म्हणजे लाटेचा कंगोरा उठतो. त्यावर लांब चाप लावा, स्प्रे मारा, पाच मिनिटांनी चाप काढा. झालं.

आता दुसरा वाद. 'खरा सेट ओल्या केसांवरच, कर्लर म्हणजे फसवणूक' असं म्हणणाऱ्या आहेत, आणि 'आता कोण रात्रभर पिना लावून बसतंय' असं म्हणणाऱ्याही आहेत. दोघी हत्यारावरून भांडतात. पॅरिसच्या मार्सेल ग्रातो या केशरचनाकाराने १८७०च्या दशकात तापवलेल्या चिमट्यानेच लाटा काढल्या आणि त्या पुढे पन्नास वर्षं त्याच्या नावाने चालल्या. १९२०-३०च्या दशकांतल्या फिंगर वेव्हमध्ये उष्णता लागतच नव्हती; ओले केस, चिकट लोशन, कंगवा आणि बोटं यांवर काम भागायचं. म्हणजे जुन्या काळी दोन्ही होतं. तेव्हा घरात कर्लर असेल तर खुशाल वापरा. फक्त बट सोडायची पद्धत बदला.

कारण असं आहे. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे असतात आणि त्यातले हायड्रोजन बंध केसाला त्या दिवसापुरता आकार देतात. पाणी लागलं की ते सुटतात आणि केस वाळताना ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. उष्णतेनेही तेच होतं, फक्त तिथे जुळणी थंड होताना होते. (पर्म वेगळं. त्यात रसायन डायसल्फाइड बंध तोडून नव्याने जोडतं, म्हणून ते महिनोन्महिने टिकतं.) आता विचार करा, नळीवरून सुटलेली बट गरम असते. ती तशीच लोंबू दिली की स्वतःच्या वजनाने अर्धी उलगडते आणि उलगडलेल्या आकारातच थंड होते. 'ताई, दोन तास कर्लर फिरवला अन् हॉलवर जाईपर्यंत सगळे केस सरळ' या रडगाण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. बट गरम असतानाच तिचं वेटोळं करून डोक्याला पिनेने टाचा आणि थंड होईपर्यंत हात लावू नका. अख्खं डोकं झालं की अर्धा तास चहा-पाणी, साडी, मेकअप. मग पिना काढून ब्रश. हा झाला कर्लरने केलेला सेट, आणि तो चांगला टिकतो.

एक मात्र कधीच करायचं नाही: ओल्या केसांवर कर्लर. केसातल्या पाण्याची आतल्या आत वाफ होते, केसाच्या पोटात बुडबुडे धरतात आणि तिथून केस तुटतो. 'दोन्ही एकत्र केलं तर जास्त टिकेल' हा हिशेब कुणी काढला कोण जाणे. ओलं तर ओलं, गरम तर गरम.

माझी पसंती ओल्या सेटला, आणि त्याचं मोठं कारण आपला मराठवाडा. ज्या कोरड्या उन्हाला आपण एरवी शिव्या घालतो ते सेटला फार मानवतं. हवेतला ओलावा हा सेटचा शत्रू. मुंबईत गच्च बसवलेली लाट दुपारपर्यंत मान टाकते, तीच लातूर-परभणीत एप्रिलमध्ये दुसऱ्या दिवशीही जागेवर असते. शिवाय ऐन लग्नाच्या सकाळी वीज गेली तरी पिनांचं काही अडत नाही. पण एक घोळ इथलाच आहे, आणि तो बाहेरच्या कुठल्या व्हिडिओत सांगत नाहीत. कुलर! पिना लावायच्या आणि रात्रभर वाळ्याच्या कुलरसमोर डोकं करून झोपायचं. तो कुलर अख्खी रात्र ओली हवा फेकतो. सकाळी केस वरून वाळलेले वाटतात, वेटोळ्याच्या पोटात ओलेच असतात. उघडले की सगळं खाली. पिना लावलेल्या रात्री पंख्यावर भागवा, नाही तर दुपारी उन्हाच्या झळा असताना लावा. दाट केससुद्धा संध्याकाळपर्यंत खडखडीत होतात. उघडण्याआधी मानेजवळचं एक वेटोळं सोडून बोटांत दाबून बघा. गार लागलं तर अजून ओलं आहे, परत टाचा.

बोअरच्या पाण्याचंही सांगते. जड पाण्याने धुतलेले केस राठ होतात, त्यांच्यावर क्षारांचा थर बसतो आणि ब्रश करताना ते एकजीव व्हायला कुरकुर करतात. शेवटचं एक तांब्याभर पाणी तरी आरओ फिल्टरचं किंवा पावसाचं साठवलेलं घ्या, पुष्कळ फरक पडतो. आणि सेटच्या आदल्या दिवशी तेल चोपडू नका. 'तेलाने वळण चांगलं बसतं' हे आजीचं म्हणणं वेणीपुरतं खरं. तेलकट केस पाणी नीट पीत नाहीत आणि जड होऊन लोंबतात.

सेटिंग लोशन विकत आणायची गरज नाही. चटणीसाठी घरात जवस असतोच. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत राहा. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार सुटली की लगेच उतरवा आणि गरम असतानाच जुन्या ओढणीतून गाळा. थंड होऊ दिलं तर मग गाळणं म्हणजे कुस्ती. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, वास आला की फेकून द्या. केस साधारण पाऊण वाळले की हे लावा. ठिबकणाऱ्या केसांना पिना लावल्या तर दोन दिवस वाळणार नाहीत.

आता वळवायची दिशा. याबद्दल कमी बोललं जातं, पण ब्रश केल्यावर लाट येणार की नुसता फुगा, हे बरंचसं इथे ठरतं. इंचभर रुंदीची बट घ्यायची, शेंडा आत ठेवून मुळापर्यंत चपटं वेटोळं करायचं आणि टाळूला सपाट टाचायचं. शेंडा बाहेर राहिला तर तो माशाच्या गळासारखा वाकतो आणि काही केल्या सरळ होत नाही. भांगाजवळच्या पहिल्या ओळीतली सगळी वेटोळी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, खालच्या ओळीतली सगळी उलट, तिसरी परत पहिलीसारखी. दोन उलट्या ओळी जिथे भेटतात तिथे कंगोरा उठतो. मनाला येईल तशी वेटोळी केली तर ब्रशखाली ती एकमेकांना खोडून काढतात. मग 'माझ्या केसांना वळणच बसत नाही' असं म्हणायचं. वळण बसलेलं असतं हो, चहूदिशांना बसलेलं असतं!

बाकीचे फरक किरकोळ. सपाट पिन कर्लने, म्हणजे वर सांगितलेल्या टाचलेल्या वेटोळ्यांनी, डोक्याला चिकटून जाणारी लाट येते, रोलरने मुळाशी उंची येते. जाड रोलर, मोठं वळण. साठच्या दशकातला उंच फुगा मुळांकडे उलटा कंगवा मारून उठवतात. 'बीहाइव्ह' हा पोळ्यासारखा उंच फुगा तर शिकागोच्या मार्गारेट विन्ची हेल्ट यांनी १९६० मध्ये एका मासिकासाठी केला. अभिनेत्री साधनाच्या कपाळावरच्या आखूड बटांचा साधना कटही १९६०च्या 'लव्ह इन सिमला'नंतरचा. तेव्हा चाळीसची लाट, साठचा फुगा आणि वर साधना कट एकाच डोक्यावर घालून त्याला 'विंटेज' म्हणू नका. एक दशक निवडा. आणि तो पोलका ठिपक्यांचा बो नसला तरी चालतं, खरंच चालतं.

कमरेपर्यंत केस असलेल्यांची तक्रार रास्त आहे. परदेशी व्हिडिओतल्या बायकांचे केस खांद्यापर्यंत आणि थर देऊन कापलेले असतात. सपाट कापलेल्या लांबसडक केसांचं वजनच लाट ओढून सरळ करतं. त्यासाठी केस कापायला मी कुणाला सांगणार नाही. आपल्याकडच्या पन्नासच्या नायिकांचे फोटो बघा, त्यांचेही केस लांबच होते. पुढच्या भागात, भांगाच्या दोन्ही बाजूंना कानापर्यंत तेवढ्या लाटा, आणि मागे सैल अंबाडा नाही तर वेणी. दहा-बारा वेटोळ्यांत काम होतं. अंबाड्याला आकडे, वर मोगऱ्याचा गजरा. हिमरू शालीवर किंवा पैठणीवर हे जितकं शोभतं तितक्या मोकळ्या सुरळ्या शोभत नाहीत, असं माझं स्पष्ट मत.

सामानासाठी महागडे संच मागवू नका. छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीत किंवा लातूरच्या गंजगोलाईत काळ्या पिना आणि एका दांडीचे चाप मिळतात. चाप जास्त घ्या, काळ्या पिनांनी वेटोळ्यावर चुरगळल्याची खूण राहते. रात्री लाट जपायची तर डोक्याला गुळगुळीत सिल्कची ओढणी बांधा, सुती पंचा नको. दुसऱ्या दिवशी लाट जरा सैलावते आणि पहिल्या दिवसापेक्षा छान दिसते, म्हणून लग्न रविवारी असेल तर पिना शुक्रवारीच लावा.

पार्लरमध्येच करून घ्यायचं असेल तर 'सेटिंग करा' एवढंच सांगू नका, कर्लर फिरवून सुरळ्या सोडून मोकळ्या होतील. सांगा, 'वळवलेली प्रत्येक बट थंड होईपर्यंत टाचून ठेवा आणि शेवटी ब्रशने पूर्ण विंचरा.' त्या म्हणतील, 'अहो, विंचरलं तर मोडतील ना!' तेव्हा पर्स उचला आणि घरी येऊन जवस शिजायला ठेवा.