घरट्याचे फोटो का नकोत?

भारतातल्या बऱ्याच निसर्गछायाचित्र स्पर्धांच्या नियमांत आता एक ओळ दिसते : घरट्यांचे फोटो पाठवू नयेत. नवख्याला ती जाचक वाटते. गंमत म्हणजे निसर्गछायाचित्रणाचा हा सगळा खटाटोप सुरू झाला तो घरट्याच्या फोटोपासूनच.

रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे यॉर्कशरचे दोन भाऊ. १८९२ मध्ये लंडनच्या जवळ त्यांनी थ्रश पक्ष्याच्या घरट्याचा, आत अंडी असलेला फोटो काढला. तीन वर्षांनी ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरचं त्यांचं पुस्तक आलं. प्रत्यक्ष निसर्गात घेतलेल्या फोटोंवरच उभं राहिलेलं हे पहिलं पुस्तक मानलं जातं. एरवी पेंढा भरलेला पक्षी फांदीवर बसवला की काम भागायचं. कीर्टनांना मात्र जिवंत पक्षी त्याच्याच जागी हवा होता. त्यासाठी त्यांनी बैलाचं कातडं सांगाड्यावर चढवून पोकळ बैल बनवला, आत स्वतः उभे राहिले आणि लेन्स तेवढी बाहेर ठेवली. फसवायचं ते पक्ष्याला, फोटो बघणाऱ्याला नाही. या कलेतला प्रामाणिकपणा पुढे कित्येक वर्षं एवढाच होता.

शिकारीच्या युक्त्याही कॅमेऱ्याने उचलल्या. अमेरिकेत जॉर्ज शिरास रात्री होडीतून दिवा दाखवून हरणांना थबकवायचे आणि बंदुकीऐवजी फ्लॅश उडवायचे. ‘नॅशनल जिओग्राफिक’ने जुलै १९०६ च्या अंकात त्यांचे ७४ फोटो छापले. आपल्याकडे संयुक्त प्रांतात (आजचा उत्तर प्रदेश आणि उत्तराखंड) वनाधिकारी असलेले एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाघाच्या वाटेवर तार बांधली. वाघाचा पाय लागला की फ्लॅश उडायचा आणि वाघ स्वतःचाच फोटो काढून जायचा. १९२० च्या दशकात, वाघ म्हणजे पायाखाली पडलेलं धूड आणि वर मिशीवाला साहेब अशीच छायाचित्रं लोकांना ठाऊक असताना, चॅम्पियननी चालता वाघ दाखवला. पट्ट्यांवरून एकेक वाघ वेगळा ओळखता येतो, हेही त्यांनी या फोटोंवरून सांगितलं. आजची व्याघ्रगणना ज्या कॅमेरा ट्रॅपवर चालते, त्याचं मूळ इथे आहे. मला विचाराल तर इतिहासातले सगळ्यात सच्चे वन्यजीव फोटो हेच. काढणारा तिथे नव्हताच.

पण मग कला कुठे राहिली? जीवरसायनशास्त्रातलं संशोधन सोडून कॅमेऱ्याकडे वळलेल्या एलियट पोर्टर यांनी पक्ष्यांचे रंगीत फोटो काढले आणि १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ते भिंतीवर लावले. मद्रासचे एम. कृष्णन कृष्णधवलवर ठाम राहिले. त्यांचे हत्ती बघताना रंगांची आठवण होत नाही.

मुंबईशी धागा जुळतो तो लोक वान थो यांचा. सिंगापूरच्या चित्रपट व्यवसायातले हे धनाढ्य गृहस्थ १९४२ मध्ये जपानी आक्रमणातून निसटताना जहाजावरच्या बॉम्बहल्ल्यात भाजले, काही काळ दृष्टीही गेली. पुढे ते भारतात आले, मुंबईचे पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्याशी मैत्री झाली आणि दोघं कच्छपासून काश्मीरपर्यंत हिंडले. घरट्याच्या उंचीचा मचाण बांधायचा, वर लपण, म्हणजे पक्ष्याला माणूस दिसू नये असा आडोसा, उभारायचं आणि तासन्‌तास बसायचं, ही लोक यांची रीत. त्या पिढीत आड येणारी फांदी दोरीने बाजूला बांधत आणि काम झाल्यावर सोडून देत.

हीच फांदी पुढे कळीची ठरली. ती बाजूला झाली की अंड्यांवर ऊन येतं, कावळ्याला घरटं दिसतं. एक माणूस जपून वागेलही. पण डिजिटल कॅमेरे आले आणि घरट्याचा पत्ता व्हॉट्सॲपवर फिरला की दुसऱ्या दिवशी झाडाखाली वीस लेन्स. तेव्हा आयोजकांनी बक्षिसाचा मोहच काढून टाकला.

बघणाऱ्याची फसवणूक थांबली होती असंही नाही. लंडनच्या प्रसिद्ध ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत २००९ मध्ये फाटकावरून झेपावणाऱ्या लांडग्याला पहिलं बक्षीस मिळालं. तो बहुधा माणसाळलेला असावा असं ठरल्यावर ते काढून घेतलं. २०१८ मध्ये तर याच स्पर्धेतला ब्राझीलमधला एक मुंगीखाऊ चक्क पेंढा भरलेला असल्याचा निष्कर्ष निघाला. दोन्ही छायाचित्रकारांनी आरोप नाकारले. सव्वाशे वर्षांनी गाडी पुन्हा पेंढ्यावर!

दरम्यान २०१४ मध्ये तीन मोठ्या छायाचित्र संघटनांनी ‘निसर्गछायाचित्र’ या शब्दाची एकच व्याख्या ठरवली : क्रॉप, म्हणजे कडा कापणं, चालेल, पण चित्रात काही घालायचं नाही, काढायचं नाही. अनेक ठिकाणी अंतिम फेरीला रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, संस्कार न केलेली फाइल, मागतात. संगणकावरची लबाडी त्यात सापडते. लपणासमोर टाकलेले दाणे, मोबाइलवर वाजवलेली शीळ, थवा उडावा म्हणून त्याच्या अंगावर घातलेली बोट, यांतलं काहीच रॉ फाइलमध्ये उतरत नाही. ते फोटोखाली ज्याचं त्यानेच लिहायचं असतं.