पार्श्वभूमी : इनबॉक्समधली खोगीरभरती

फुकटच्या जीमेल खात्यात 15 जीबी जागा मिळते. मेल, ड्राइव्हवरच्या फायली आणि जून 2021 पासून मोबाइलवरून चढणारे फोटो, सगळं त्यातच मोजलं जातं. जागा भरली की नवा मेल आत येत नाही. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोली एमआयडीसीत एखाद्या फाउंड्रीच्या ऑफिसात ही वेळ आली, तर अडकलेला मेल गिऱ्हाइकाची चौकशी असू शकतो: कास्टिंगचं ड्रॉइंग, नगांची संख्या, कोटेशन द्यायची शेवटची तारीख. आणि जागा अडवून कोण बसलेलं असतं? विनातारण कर्ज देणारे, वेबसाइट गूगलवर वर आणून देणारे, परदेशी प्रदर्शनातले स्टॉल विकणारे, ‘डिअर सर, वुई आर लीडिंग मॅन्युफॅक्चरर’वाले, आणि कधीतरी एकदाच बूट मागवले होते ते ऑनलाइन दुकान.

बुटाच्या दुकानाला पत्ता आपणच दिलेला असतो. बाकीच्यांनी तो कुठून तरी उचललेला असतो: प्रदर्शनात वाटलेलं व्हिजिटिंग कार्ड, ट्रेड पोर्टलवरचं पान, संघटनेची डिरेक्टरी. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली, तर तिचा मेल पत्ता सरकारी नोंदणीच्या संकेतस्थळावर बरीच वर्षं कोणालाही वाचता येत होता. ‘माझा आयडी यांना दिला कुणी?’ या प्रश्नाचं उत्तर बरेचदा इतकं साधं असतं. मात्र पत्ता दिलेला आणि पत्ता उचललेला, हा भेद पुढे प्रत्येक नियमात आडवा येतो.

फार मागचा इतिहास थोडक्यात आटोपतो. 1978 मध्ये एका अमेरिकी संगणक कंपनीच्या विक्री विभागाने अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरच्या सुमारे 400 जणांना नव्या मशीनच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण एकगठ्ठा पाठवलं. त्यावर बोलणी बसली, तरी मालही खपल्याचा दावा झाला. धंदा तिथेच कळला होता. आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते 15 ऑगस्ट 1995 पासून, म्हणजे सुरुवातीची भांडणं आपण पाहिलीच नाहीत.

खरा पेच 2003 चा. त्याच्या आदल्या वर्षी युरोपने ठरवलं होतं की जाहिरातीचा मेल पाठवण्याआधी माणसाची संमती घ्यायची; जुन्या गिऱ्हाइकांपुरती थोडी सवलत. सप्टेंबर 2003 मध्ये कॅलिफोर्नियानेही तसाच कायदा केला आणि तो 1 जानेवारी 2004 पासून लागू व्हायचा होता. तो झालाच नाही. डिसेंबरात अमेरिकेच्या केंद्र सरकारने देशभरासाठी वेगळा कायदा आणला, तोही 1 जानेवारीपासूनच लागू केला आणि राज्यांचे यासंबंधीचे बहुतेक नियम त्याने झाकोळले. नव्या कायद्याचं सूत्र नेमकं उलटं होतं. न विचारता मेल पाठवायला हरकत नाही. फक्त पाठवणाऱ्याची ओळख आणि विषयाची ओळ फसवी नको, टपालाचा पत्ता हवा, बाहेर पडायची सोय हवी, आणि कोणी ‘नको’ म्हणाला तर कामकाजाच्या 10 दिवसांत ऐकायचं.

बाजू मांडणारे म्हणत, पन्नास राज्यांचे पन्नास नियम छोट्या व्यावसायिकाला पाळता येणार नाहीत, आणि जाहिरात म्हणजे गुन्हा नव्हे. यात तथ्य नव्हतं असं नाही. पण परिणाम असा झाला की प्रत्येक पाठवणाऱ्याला एक संधी फुकट मिळाली आणि दार लावायचं काम घरमालकाच्या गळ्यात पडलं. भीक नको पण कुत्रं आवर, ही विनवणीसुद्धा दर कंपनीला वेगळी करायची. ‘मेल नको’ म्हणणाऱ्यांची एकच राष्ट्रीय यादी करावी का, हेही त्याच कायद्याने तपासायला सांगितलं होतं. जून 2004 मध्ये नियामकांनी नकार कळवला. मेल खरोखर कोणी पाठवला हे पडताळायचं साधन नसताना अशी यादी म्हणजे चालू पत्त्यांचं आयतं भांडार होईल, आणि लुबाडणारे तीच वापरतील. हा मुद्दा मात्र बिनतोड होता.

आज जगभरच्या जाहिराती मेलच्या तळाशी बारीक, फिकट अक्षरात जी ‘अनसबस्क्राइब’ची ओळ असते, तिच्यामागे मोठा हात याच कायद्याचा. आणि तिच्याभोवतीचा गोंधळही तितकाच जुना. ‘ती लिंक दाबली की पत्ता चालू आहे हे त्यांना कळतं आणि मेल दुप्पट होतात’ हे राजारामपुरीतल्या कॉम्प्युटर क्लासपासून सीएच्या ऑफिसपर्यंत सगळे ठामपणे सांगतात. 2002 मध्ये अमेरिकी नियामकांनी हे तपासून पाहिलं होतं. मेलमधल्या 63 टक्के लिंका आणि पत्ते चालतच नव्हते. पण विनंती केल्यामुळे स्पॅम वाढल्याचंही आढळलं नाही. तरी सावधगिरी चुकीची म्हणता येत नाही, कारण आता अनोळखी लिंकेमागे पासवर्ड चोरणारं पान असू शकतं. बुटाच्या दुकानाची लिंक दाबावी, कर्जवाल्याची दाबू नये, इतकाच त्याचा अर्थ.

भारतात यासाठी वेगळा कायदा कधी झालाच नाही. फोन आणि एसएमएससाठी 2007 पासून ‘नको’ म्हणणाऱ्यांची नोंदवही मिळाली आणि पुढे त्यासाठी 1909 हा नंबर आला. पण ते दूरसंचाराचं क्षेत्र, मेल त्यात बसत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66अ कलमात, ऑक्टोबर 2009 पासून, त्रास देण्यासाठी किंवा उगम लपवून पाठवलेल्या मेलचा उल्लेख होता. ते कलम गाजलं मात्र भलत्याच कारणाने. पालघरच्या दोन मुलींना 2012 मध्ये फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली, आणि 24 मार्च 2015 ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केलं. अभिव्यक्तीच्या बाजूने ते योग्यच झालं. त्याबरोबर मेलवाला तुकडाही गेला, आणि त्याबद्दल हळहळ कोणालाच वाटली नाही.

पुढे जे बदललं ते कायद्याने नव्हे, मेल कंपन्यांनी. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहूने घाऊक पाठवणाऱ्यांना अटी घातल्या. जीमेलचा आकडा रोज 5,000 मेलचा. त्यांनी आपल्या डोमेनची, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाची, ओळख पटवायची, जाहिराती मेलला एका टिचकीत बाहेर पडायची सोय द्यायची, विनंती 2 दिवसांत पाळायची, आणि स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या खाली ठेवायच्या. ही टिचकी मेलच्या मजकुरात नसून वर पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी दिसते. तिचं तांत्रिक मानक 2017 पासून तयार होतं. सक्ती व्हायला 7 वर्षं लागली. ‘रिपोर्ट स्पॅम’ दाबण्यालाही यामुळे वजन आलं, कारण तो आकडा पाठवणाऱ्याच्या खात्यावर चढतो. 2025 मध्ये जीमेलने अशा सगळ्या पाठवणाऱ्यांची एकत्र यादीच दाखवायला सुरुवात केली.

उद्यमनगरातल्या इनबॉक्सला याचा अर्धाच फायदा होतो. मोठी दुकानं, बँका आणि विमा कंपन्या या अटींत सापडतात. विकत घेतलेली यादी हातात धरून साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला दोन-तीनशे मेल टाकणारा एजंट 5,000 च्या आकड्याला शिवतच नाही. त्याला ब्लॉक करावं लागतं, तो नव्या आयडीने परत येतो. मग फिल्टर लावायचा, ‘लोन’ हा शब्द दिसला की थेट कचऱ्यात. तेवढ्यात बँकेचा कॅश क्रेडिट नूतनीकरणाचा खरा मेलही त्याच वाटेने जातो.

आता सगळ्यांचं लक्ष 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याकडे आहे. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य बंधनं 18 महिन्यांनी लागू व्हायची आहेत. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे, असं त्यात आहे. पण कायदा व्यक्तीच्या माहितीपुरता आहे. मालकाच्या स्वतःच्या नावाचा पत्ता त्यात येईल. ‘सेल्स’ किंवा ‘इन्फो’ने सुरू होणारा कारखान्याचा पत्ता, जिथे ही सगळी भरती खरी साठते, तो त्यात येतो असं आजच छातीठोकपणे सांगता येणार नाही.