माश्यांचे नागरी सर्वेक्षण (गोवा)

शहरी वस्तीत रोगजंतू वाहून नेणाऱ्या माश्यांची संख्या, त्यांच्या जाती आणि त्यांच्या पैदाशीच्या जागा यांची ठरावीक पद्धतीने व ठरावीक काळाने केलेली मोजदाद म्हणजे माश्यांचे सर्वेक्षण. गोव्यातील पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को व फोंडा ही शहरे आकाराने लहान आहेत. मात्र त्यांत मासळी बाजार, उपाहारगृहे, कचरा साठवण्याच्या जागा आणि दाट वस्ती एकमेकांना लागून असतात. घरमाशी सहसा एक-दोन किलोमीटरच्या परिघात वावरते आणि एवढ्या परिघात यांपैकी बहुतेक सर्व जागा येतात. म्हणून येथे सर्वेक्षणाचे क्षेत्र प्रभागांच्या सीमांवरून न ठरवता कचऱ्याच्या जागेपासून मोजलेल्या अंतरावरून ठरवणे अधिक योग्य होय.

घरमाशी, शास्त्रीय नाव मस्का डोमेस्टिका, ही यातील मुख्य जात. मादी एका वेळी साधारणपणे ७५ ते १५० अंडी घालते. उष्ण व दमट हवेत अंड्यापासून प्रौढ माशीपर्यंतचे चक्र सात ते दहा दिवसांत पूर्ण होते. गोव्याच्या किनारपट्टीत हिवाळ्यातही किमान तापमान २० अंश सेल्सिअसच्या आसपास राहत असल्याने पैदास वर्षभर सुरू असते. माशीला घन पदार्थ चावता येत नाही. ती पोटातील द्रव त्यावर ओकते व विरघळलेला अंश शोषून घेते, आणि खाता खाता तेथेच विष्ठाही टाकते. यामुळे तसेच पायांवरील केसांना चिकटून अतिसार, आमांश, पटकी आणि विषमज्वर यांचे जंतू उघड्या अन्नावर पोचू शकतात. मासळीच्या व मांसाच्या टाकाऊ भागांवर निळसर-हिरव्या चकचकीत माश्या अधिक दिसतात. त्यांतील क्रायसोमिया मेगासेफाला ही जात मानवी विष्ठेवरही बसत असल्याने तिची नोंद वेगळी ठेवावी लागते. सगळ्या माश्या एकत्र मोजल्या, तर दोष घरगुती ओल्या कचऱ्याचा की मासळीच्या घाणीचा, हे आकड्यावरून कळत नाही.

मोजणीसाठी सर्वांत जास्त वापरले गेलेले साधन म्हणजे स्कडर यांनी १९४७ मध्ये प्रचारात आणलेली लाकडी जाळी. मूळ जाळी सुमारे ९० सेंमी. चौरस असून तीत थोडथोडी जागा सोडून २४ पट्ट्या बसवलेल्या असतात. माश्यांना कडेवर बसणे आवडते, या सवयीचा येथे उपयोग करून घेतलेला आहे. मासळी बाजारात ही जाळी कापणीच्या पाटाजवळ, खवले, कल्ले व आतडी टाकलेल्या टोपलीच्या तोंडावर आडवी ठेवतात. ती ठेवताना उठलेल्या माश्या पुन्हा खाली उतरू लागल्या, की ३० सेकंदांत जाळीवर किती बसल्या ते मोजतात. मोजणाऱ्याने आपली सावली जाळीवर पडू देऊ नये, कारण सावली हलताच माश्या उडतात आणि आकडा खोटा ठरतो. एका जागी अशा दहा मोजण्या घेऊन त्यांतील सर्वाधिक पाचांची सरासरी काढतात. ढोबळमानाने दोनपर्यंतची सरासरी सौम्य, तीन ते पाच लक्ष ठेवण्याजोगी, सहा ते वीस उपाययोजना करण्याजोगी आणि वीसच्या पुढची गंभीर समजली जाते. मात्र आकडा कितीही काळजीपूर्वक घेतला, तरी तो एकट्याने काहीच सांगत नाही. तीच जागा, तोच प्रहर आणि तीच जाळी कायम राखून घेतलेल्या आकड्यांची मालिकाच उपयोगी पडते. सकाळी मासळी उतरताना घेतलेली मोजणी आणि दुपारी बाजार धुतल्यावर घेतलेली मोजणी यांची तुलना करणे ही फसगत होय.

उपाहारगृहांत व घरांत चिकट पट्ट्या टांगतात, किंवा पांढरी कार्डे लावून त्यांवर पडलेले ओकारीचे व विष्ठेचे ठिपके मोजतात. आमिषाच्या सापळ्यांनी जाती ओळखण्यासाठी नमुने मिळतात.

उडणाऱ्या माश्यांच्या मोजणीइतकाच पैदाशीच्या जागांचा शोध महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच बहुधा राहून जातो. पूर्ण वाढलेल्या अळ्या ओला कचरा सोडून कोरड्या मातीकडे सरकतात. त्यामुळे ढिगाचा मध्य तपासून भागत नाही. चिऱ्यांच्या कुंपणाच्या बुंध्याशी, ढिगाच्या कडेची दोन-तीन बोटे माती उकरली, की तांबूस तपकिरी, जवाच्या दाण्याएवढे कोश सापडतात. भरलेले कोश पुढच्या काही दिवसांत उडणाऱ्या माश्यांची आगाऊ सूचना देतात; रिकामी टरफले मात्र माश्या निसटून गेल्याचे दाखवतात. खताच्या खड्ड्यात आढळणाऱ्या मोठ्या, चपट्या, करड्या अळ्या काळ्या सैनिक-माशीच्या असतात. त्या रोगवाहक नसून कचरा लवकर कुजवतात, म्हणून त्यांना घरमाशीच्या अळ्या समजून औषध मारणे टाळावे.

गोव्याच्या ऋतुमानाचा मोजणीवर मोठा परिणाम होतो. मे महिन्यात आंबा-फणसाच्या साली व चारखंडांचा कचरा वाढतो आणि पावसाळ्याच्या बेगमीसाठी मासळी खारवून उन्हात वाळत घातली जाते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात बाजारातील आकडा घटला, तर ते श्रेय स्वच्छतेचे मानता येत नाही. मुसळधार पावसात उघड्यावरची मोजणी निरुपयोगी ठरते व माश्या आडोशाला जातात, म्हणून तुलनेसाठी काही जागा मुळातच छपराखालच्या निवडाव्या लागतात. मडगावनजीक सोनसोडो येथे वर्षानुवर्षे साचत गेलेला कचरा आणि साळगाव येथे २०१६ पासून ओल्या कचऱ्यापासून वायू निर्माण करणारा प्रकल्प, ही दोन परस्परभिन्न उदाहरणे राज्यातच आहेत. उघड्या ढिगाभोवतीच्या आणि बंदिस्त प्रक्रियेभोवतीच्या मोजण्या शेजारी ठेवून पाहणे त्यामुळे येथे शक्य आहे.

माशीच्या अंगावर जंतू सापडणे आणि तिच्यामुळे माणूस आजारी पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीचा सबळ पुरावा इस्राएलच्या लष्करी छावण्यांतील अभ्यासातून मिळाला. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, माश्या पकडण्याचे कसून प्रयत्न झालेल्या छावण्यांत शिगेला जंतूंमुळे होणाऱ्या आमांशाचे दवाखान्यात येणारे रुग्ण ८५ टक्क्यांनी घटले. एवढा पुरावा असूनही राष्ट्रीय कीटकजन्य रोग नियंत्रण कार्यक्रमात हिवताप, डेंग्यू, चिकुनगुन्या, जपानी मेंदूज्वर, हत्तीरोग व काळा आजार यांचाच समावेश आहे. घरमाशी त्यात येत नाही. डासांच्या अळ्यांसाठी दारोदार फिरणाऱ्या कर्मचाऱ्याच्या वहीत माश्यांसाठी एक रकाना वाढवणे फारसे खर्चाचे नाही, आणि ते व्हायला हवे.

आकडा वाढताच धुरळणी करण्याचा मोह टाळणे आवश्यक आहे. डीडीटीला दाद न देणाऱ्या घरमाश्या १९४६ मध्येच स्वीडनमध्ये आढळल्या होत्या, आणि त्यानंतर आलेल्या अनेक कीटकनाशकांनाही या माशीने पचवले आहे. म्हणून मोजणीचा तक्ता आरोग्य केंद्राबरोबरच नगरपालिकेच्या कचरा-पर्यवेक्षकाकडेही त्याच दिवशी पोचला पाहिजे. पैदाशीचे चक्र आठवडाभराचे असल्याने ओला कचरा त्याहून कमी अंतराने उचलला गेला की नाही, हे त्यालाच तपासता येते, आणि उचलीनंतर त्याच जागी घेतलेल्या पुढच्या मोजणीवरून उपायाचा परिणाम ठरवता येतो.